बिनदोरीची मोटर

माझ्या दुकानात मोटर आली की मी आधी तिचा वास घेतो. जळक्या वार्निशचा वास आला तर वाइंडिंग गेलं, कुबट ओलसर वास आला तर पाणी शिरलं, आणि कसलाच वास आला नाही तर बहुतेक वेळा मालकानेच वायर उलटसुलट जोडलेली असते. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटरी, कलमांवर फवारणी करायची यंत्रं, असं तीस-पस्तीस वर्षांत काय काय हातातून गेलं. गावात कुठेही मोटर बंद पडली की लोक मला फोन करतात आणि, खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज आहे. गिऱ्हाइकाने नुसतं 'कपॅसिटर गेला असेल' असं म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. मग तुम्हीच करा, असं म्हणून मी पान्हा त्याच्यापुढे धरतो.

हा माज एका मोटरीने उतरवला. ती माझ्या थोरल्या भावाची होती.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा त्याने होडी हातात घेतली ती आजतागायत. खाडीत आणि खाडीच्या मुखाशी मासे मारून त्याने घर चालवलं. मला मात्र कधी होडीत बसू दिलं नाही. मी हट्टाने चढलो की कानाला धरून खाली उतरवायचा आणि शाळेच्या वाटेला लावायचा. पुढे कुडाळला आयटीआयला त्यानेच घातलं. माझे हात आज मोटरी बांधतात ते त्याचे हात दोऱ्या ओढून सोलवटले म्हणून, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मागच्या वर्षी त्याला चक्कर यायला लागल्या. ठोके मंद पडताहेत असं निघालं. कोल्हापूरला नेऊन डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला. काड्यापेटीएवढी डबी. ठोका चुकला की ती ढोसते. चक्कर थांबली, तोंडावर रंग आला, आम्ही सगळे खूश झालो. मग डॉक्टरांनी बजावलं की डाव्या हाताला हिसका बसेल असं काही करायचं नाही, आतली वायर सुटेल. दादा डावखुरा. होडीचं इंजिन पेट्रोलचं, दोरी ओढून चालू करायचं, आणि तेही असं की एका हिसक्यात ऐकेल तर शपथ. उजव्या हाताने ओढून बघ, म्हटलं तर तोल जाऊन बाकावर पडला. जाळं फेकणं तर बंदच झालं होतं. निदान बसल्या बसल्या गरी टाकावी, चार मासे काढावेत, तर तिथवर पोहोचायचं कसं हाच प्रश्न.

चार महिने तो पडवीत बसून होता. पडवीतून खाडी दिसते. भरती लागली की उठून उभा राहायचा, ओहोटी लागली की बसायचा. बोलणं कमी झालं. एक दिवस मी दुकानातून येताना त्याच्याकडे वळलो तर म्हणाला, "माका असो घरात बसवन ठेव नको रे. मी हंयच संपान जातलंय."

दादाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच. मी त्याला शब्द दिला की तुला पुन्हा पाण्यावर नेतो.

त्याची मुलगी पुण्याला नोकरी करते. माझं तिचं फोनवर बोलणं झालं आणि तिने विजेवर चालणारी मोटर पाठवली. खोक्यातून ती बाहेर काढली तेव्हा मीसुद्धा तिला उलटीसुलटी फिरवून बघत राहिलो. वर बॅटरी, खाली पाण्यात फिरणारा पंखा, मध्ये दांडा, आणि धरायला लांब हँडल. हँडलवर छोटा पडदा, त्यात बॅटरी किती उरली ते दिसतं. दोरी नाही, धूर नाही, आवाजही जवळजवळ नाही. चावी म्हणजे खरीखुरी चावी नव्हे, लाल प्लास्टिकची बिल्ल्याएवढी टिकली, आत लोहचुंबक. हँडलवरच्या खाचेत ठेवली की टक्कन चिकटते आणि मोटर जागी होते. उचलली की मोटर बंद. माणूस चुकून पाण्यात पडला तर मोटर त्याला मागे टाकून निघून जाऊ नये म्हणून ही सोय. चावीला हातभर दोरी आणि दोरीच्या टोकाला मनगटात अडकवायचा फास. सोबत माहितीचं जाडजूड पुस्तक होतं. पहिली पाच-सहा पानं सूचना आणि इशाऱ्यांची, ती मी नेहमीप्रमाणे उलटली. मोटर ओल्या हातांनी हाताळू नका, लहान मुलांपासून दूर ठेवा, असलं वाचत बसायला मी काय नवीन आहे? थेट जोडणीच्या पानावर गेलो.

होडीला काही नवं लावलं की आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय ती पाण्यात जात नाही. काठावर नारळ ठेवला, वाडीतली चार माणसं जमली, आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या मानकऱ्याने हात जोडून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान होडयेक विजेचा इंजिन लायला हा. तेका जाताना सुखाचा ने, येताना सुखाचा हाड. खंय काय आडवा-तिडवा येयत, ता दूर कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणालो. विजेचं इंजिन देवालाही नवीनच असणार, पण कुणी हसलं नाही.

आमच्या घरात पाण्यावर जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात काळा दोरा असतो, त्यात देवळातून आणलेला ताईत. दादाच्या गळ्यात तो लहानपणापासून आहे. मनगटात फास अडकवला तर गरीची दोर त्यात गुंतते, अशी त्याची तक्रार. मी म्हटलं, थांब. त्या चावीच्या दोरीचा फास मी त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवला आणि गाठ मारली. म्हटलं, आता हरवायची भीती नाही, आणि देवाजवळच राहील. सगळ्यांना ते आवडलं. वहिनीने तर त्या लाल टिकलीला हळद-कुंकू लावलं. चावी एकच होती, दुसरी मागवायचं माझ्या मनात होतं ते राहूनच गेलं.

पहिल्या दिवशी दादा खाडीत गेला आणि दोन तासांनी परत आला तेव्हा वहिनीने पदराने डोळे पुसले. मीही पाठ फिरवली, उगाच काहीतरी शोधल्यासारखं करत. तांबोशी एकच मिळाली होती पण ती त्याने वाडीभर दाखवली. म्हणाला, "मोटर वायच मुकी आसा, पण शाणी आसा."

चौथ्या-पाचव्या दिवशी शहाणी बिघडली. भर खाडीत बंद पडली. पडदा काळा. दादाने चाचपून बघितलं, हँडल पुढे-मागे केलं, आणि मग कधीतरी आपोआप चालू झाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी दोनदा. ओहोटीला मुखाकडे ओढ असते, बंद मोटर घेऊन तिथे गेलं तर होडी सरळ फुटणाऱ्या लाटांत जाते. वल्हं मारायचं तर डावा हात.

मी म्हटलं, ह्यॅ, हिची काय कथा. दुकान बंद ठेवून कामाला लागलो. बॅटरीच्या पिना बघितल्या, खाऱ्या हवेने हिरव्या होतात, त्या होत्या तशाच पिवळ्याधमक. तरी पुसल्या. मीटर लावला, व्होल्टेज बरोबर. हँडलपासून जाणारी वायर बोट-बोट दाबून तपासली, कुठे आतून तुटलेली नाही. पंखा काढला, त्याच्या मागे गरीची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोर, गुंडाळलेली सापडली, हातभर. मला केवढा आनंद झाला! हेच ते, म्हणून ती तंगूस मी दादाच्या नाकापुढे नाचवली. पंखा अडकला की मोटरीवर ताण येतो, ताण आला की ती स्वतःला वाचवायला बंद होते. व्याख्यानच दिलं. दुसऱ्या दिवशी दादा गेला आणि मोटर पहिल्यासारखीच बंद पडली.

मग मी स्वतः होडीत बसलो. पोहता येत नाही नीट, तरी बसलो. एकटा काठाकाठाने तासभर फिरवली, खाडीच्या पाण्यातली वेडीवाकडी वळणं घेतली, मुद्दाम हँडल गदागदा हलवलं. मोटर पाण्यासारखी चालली. दादाकडे दिली, बंद. पुन्हा मी, चालू. दादा हसून म्हणाला, "तू आसलंस काय चलता, मी बसलंय काय रुसता. बायलमाणूस आसा काय ही?" मला हसू आलं नाही. चालू मोटर दुरुस्त करणं याच्याइतका छळ नाही. बिघाड समोर आला तर त्याच्याशी झटता येतं, इथे तो माझ्याकडे बघून लपत होता.

कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसाने अतिशय गोड आवाजात विचारलं, "सर, पडद्यावर कुठला आकडा येतोय?" म्हटलं, आकडा येत नाही, पडदाच जातो. "मग सर, मोटर आमच्याकडे पाठवून द्या." किती दिवस लागतील, विचारलं, तर सांगता येत नाही. मी फोन आपटला. मोटर पाठवून द्यायची म्हणजे दादाला पुन्हा पडवीत बसवायचं. आणि खरं सांगायचं तर, माझ्याने होत नाही हे कबूल करायचं.

पंधरा दिवस मी त्या मोटरीमागे वेडा झालो. जेवताना बायकोने भाजी वाढली की मी विचारत असे, तापल्यावर बंद पडते म्हणावं तर पाणी गार आहे. ती म्हणायची, जेवा आधी. शेवटी मी दादाच्याच होडीत, त्याच्या समोर तोंड करून बसलो आणि मोटरीकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिलो. अर्धा तास काही झालं नाही. मग होडीत पाणी साचलं. आमची होडी जुनी, लाकडी, फळ्यांतून पाझरते, आणि होडी चालू असतानाच डाव्या हातात हँडल धरून उजव्या हाताने डब्याने पाणी उपसायची दादाची पन्नास वर्षांची सवय. तो पाणी काढायला पुढे वाकला. गळ्यातून हँडलपर्यंत गेलेली दोरी ताठ झाली. लाल टिकली एका बाजूने किंचित उचलली गेली. मोटर बंद. दादा सरळ झाला, टिकली आपली आपण टक्कन बसली. पडदा पुन्हा लागला, पण ही मोटर अशी की बंद पडल्यावर हँडल आधी शून्यावर आणल्याशिवाय फिरत नाही, आणि दादा हँडल पुढे रेटूनच बसला होता.

मी कपाळावर हात मारला. बॅटरी नाही, वायर नाही, पंखा नाही. हातभर दोरी आखूड, एवढाच बिघाड. एकटा असताना मी चावीची दोरी दादाच्या गळ्यातून सोडवून हँडललाच गुंडाळत होतो, म्हणून ती कधी ताणलीच गेली नव्हती. मी दुकानातून चांगली पक्की नायलॉनची दोरी आणली आणि चावीची दोरी दुप्पट लांब केली. त्यानंतर मोटर एकदाही बंद पडली नाही. मी पुन्हा मान वर करून चालू लागलो. पिंगुळीहून पंप घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाला तर ही कथा मी चहा पाजून सांगितली.

लांब झालेली दोरी होडीतून उतरल्यावर गुडघ्यापर्यंत लोंबायची. आधी आखूड होती तेव्हा दादा ती कमरेला खोचायचा. आता ती गुंडाळून, टिकलीसकट, तो सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकू लागला.

आठवड्याभरात त्याला घरी असताना छातीत धडधड सुरू झाली. धडधड व्हायची, डोकं हलकं व्हायचं, मग तो आडवा पडायचा. सदरा काढून झोपला की थोड्या वेळाने बरं वाटायचं. आम्ही म्हणालो, विश्रांतीने बरं वाटतं. वहिनीचं एकच म्हणणं, "हेंका पाणी बाधता." दादाचं म्हणणं उलटं. तो मला एकट्याला गाठून सांगायचा, "तुका खरा सांगतंय, पाण्यात आसलंय काय माका कायएक होणा नाय. जमनीर पाय ठेवलंय काय धडधडता. मी थंयच रवतंय तर बरो." मी म्हटलं, काहीतरीच काय. मनाचे खेळ आहेत, असंसुद्धा म्हटलं.

तळेऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सदरा काढून टेबलावर झोपवलं, तारा लावल्या, कागद काढला. सगळं ठीक. दोनदा नेलं, दोन्ही वेळा ठीक. दुखणं तपासायला नेलं की नाहीसं व्हायचं. महिनाभरापूर्वी हाच खेळ एका मोटरीने माझ्याशी खेळला होता, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. माझा बिघाड मी दुरुस्त करून मोकळा झालो होतो ना! दुसरा बिघाड माझ्या दुरुस्तीतूनच निघाला असेल, हा विचार माझ्यासारख्या माणसाला शिवत नाही.

एका सकाळी दादा मासे घेऊन आला, होडी बांधली, चावी खिशात टाकली, टोपली उचलली आणि धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर कोसळला. कपाळ फुटलं. माणसांनी उचलून घरी आणला तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी पंपाला शिव्या घालत होतो. गाडी काढली आणि सरळ कोल्हापूर. वहिनी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन. करूळचा घाट चढताना तिने एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "मी सांगत होतंय." मला गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला बसावंसं वाटलं.

इस्पितळात त्याला आत घेतलं, कपाळाला टाके घातले. पेसमेकर तपासायला एक तरुण तंत्रज्ञ संगणक घेऊन आला. त्याने दादाच्या छातीवर यंत्र धरलं, आकडे बघितले, आणि म्हणाला की पेसमेकर उत्तम चालू आहे. पुन्हा तेच. मी उभा राहून ऐकत होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. इतक्यात नर्सने दादाचे कपडे माझ्या हातात दिले. रक्ताचा सदरा, काळा दोरा कापून काढलेला, ताईत, आणि त्याला गुंडाळलेली लाल चावी. मी ते सगळं खाटेच्या कडेशी ठेवायला गेलो आणि चावी खाटेच्या लोखंडी दांडीला टक्कन चिकटली.

तंत्रज्ञाने वर बघितलं. "हे काय आहे?"

मी सांगितलं. मोटरीची चावी, आत चुंबक.

"हे ते कुठे ठेवतात?"

मी सदऱ्याचा डावा खिसा दाखवला. त्याने तो सदरा दादाच्या अंगावर नुसता पसरून बघितला. खिसा पेसमेकरच्या कडेलाच येत होता. मग त्याने मला शांतपणे, मुलाला समजावतात तसं समजावलं. पेसमेकरजवळ जोरदार चुंबक आणला की तो माणसाचे स्वतःचे ठोके ऐकणं सोडतो आणि आपल्याच ठरलेल्या वेगाने ढोसत सुटतो. चुंबक दूर केला की पुन्हा नीट. "सदरा काढला की चावी खिशातून निघून बाजूला जात असणार, म्हणूनच तपासताना काही सापडत नव्हतं. त्या मोटरीच्या पुस्तकात लिहिलेलं असणार, काका. बघा एकदा."

पुस्तक बघायला मी घरी पोहोचेपर्यंतसुद्धा थांबलो नाही, पुतणीला कंपनीच्या साइटवरून तेच पुस्तक शोधून फोनवर पानं पाठवायला सांगितलं. दुसऱ्याच पानावर होतं. हृदयाचं चित्र, त्यावर फुली, आणि खाली लिहिलेलं की चावी पेसमेकरपासून हातभर तरी दूर ठेवावी. मी उलटलेल्या पानांपैकी एक. इस्पितळाच्या जिन्यात बसून मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. देवाचं नाव घेऊन, गाठ मारून, ती मीच त्याच्या गळ्यात घातली होती. आखूड होती तोवर कमरेला तरी राहत होती, लांब करून मीच ती छातीवर पोचवली. मला कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दादा तर उठून बसला तो हसतच. कपाळाला पट्टी आणि तोंडभर हसू. "बघलंस? मी तुका सांगत होतंय मा! पाण्याचो काय दोष नव्हतो." डॉक्टरांनीही सांगितलं की चावी उजव्या मनगटात बांधा, छातीजवळ आणू नका, मग होडी चालवायला हरकत नाही. परत येताना तो गाडीत पुढे बसला आणि तळेऱ्यापर्यंत बोलतच होता. चार दिवस आराम, मग सुळे मासे यायला लागतील, मग अमुक, मग तमुक. वहिनी मागे खिडकीबाहेर बघत होती.

मोटर मी दुकानात आणून ठेवली होती. धक्क्यावर तिला कुणीतरी घाईत आपटलं होतं, म्हणून तपासायला. पिंपात पाणी भरून चालवली, अगदी व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आली. इतक्या वर्षांत ती माझ्या दुकानात कधी आली नव्हती. आत आली नाही, पायरीवर उभी राहिली.

"भावजीनू, मोटर बरी आसा?"

"बरी आसा, वयनी."

"ती बरी करू नकात." मग म्हणाली, "तेंका उचलून हाडल्यानी तेव्हा मी बघलंय. माका परत ता बघूचा नाय. माझा हे आयकाचे नाय. तुमचा आयकतत."

मी तिला समजावलं, निदान प्रयत्न केला. डॉक्टर काय म्हणाले, चुंबक काय करतो, मनगटात बांधली की काही भीती नाही. ती सगळं ऐकून घेत होती. माझं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तुमी सांगा, परत काय होवचा नाय?"

पस्तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आलो होतो, आता काही होणार नाही, घेऊन जा. त्या दिवशी मला ते सांगता आलं नाही. तंगूस सापडली तेव्हा मी हेच सांगितलं होतं. दोरी लांब केली तेव्हाही. तिसऱ्यांदा कुठल्या तोंडाने सांगू? मी नकाराची मान हलवली, ती पायरी उतरून गेली.

एका बाजूला त्याला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला हिचं तोंड. दोघांपैकी चुकीचं कुणीच नव्हतं. मला दोन दिवस झोप लागली नाही, दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो. मी कुणाच्याही मोटरीबद्दल आजवर खोटं बोललो नाही. चालू मोटर जळली म्हणून सांगणारे मेस्त्री असतात, त्यांच्या नावाने मी बाजारात उभा राहून शिव्या दिल्या आहेत.

दादा पाचव्या दिवशी स्वतःच चालत आला. कपाळाची पट्टी निघाली होती. उजव्या मनगटात त्याने घरूनच एक दोरी बांधून आणली होती, चावी अडकवून बघायला. दुकानात शिरताच म्हणाला, "काय रे, झाली मोटर?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "नाय, दादा. जळली."

"जळली?"

"आपटल्यामुळे आत पाणी गेला. आतली पट्टी जळली."

"दुसरी घालूक येणा नाय?"

"मिळणा नाय. कंपनीन ती बनवूक बंद केल्यान."

एकदा सुरू केल्यावर खोटं बोलणं इतकं सोपं जातं, हे मला माहीत नव्हतं. दादा मोटरीजवळ गेला, वाकून बघितलं. बॅटरी आणि चावी तिथेच शेजारी होती, त्याने ती लावली असती तर पडदा लागला असता. त्याने चावी लावली नाही. मनगटातली दोरी सोडली आणि खिशात ठेवली, उजव्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू वायट वाटान घेव नको. तुका जमला नाय म्हणजे ती होवचीच नाय. माझ्या छातीतला यंत्र तरी तू बरा केलंस. तितक्या पुरे झाला माका."

मी स्टुलावर बसलो. सांगून टाकावं, पाय धरावेत, असं आतून ढुशा मारत होतं, पण मी हातातला पान्हा पुसत बसलो. तो इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, हिला वर माळ्यावर ठेवू, इथे तुझ्या पायात येते. मी एकटाच उचलायला लागलो तर रागावला. "एकट्यान उचलू नको, कंबर जायत तुझी." त्याने उजव्या हाताने एक बाजू धरली. आम्ही दोघांनी मिळून ती धडधाकट मोटर माळ्यावर चढवली.

मी खाली उतरलो, तो शिडीवरच थांबला. तिथलं एक गोणपाट ओढून त्याने मोटरीवर घातलं आणि चारी बाजूंनी नीट खोचलं. मी विचारलं, कशाला रे? तर खाली न बघताच म्हणाला, "उंदीर वायरी खातत."

जळलेल्या मोटरीच्या वायरींची त्याला एवढी काळजी का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी शिडी धरून उभा राहिलो आणि तो सावकाश, एक-एक पायरी करत, खाली उतरला.